हर्बर्ट ऑस्टिन : छोट्या मोटारीचा मोठा माणूस



मोटारींच्या गोष्टी मुलं कान देऊन ऐकतात. म्हणून आज वर्गात सांगता येईल असं एक चरित्र पाहूया.

हर्बर्ट ऑस्टिन यांचा जन्म ८ नोव्हेंबर १८६६ रोजी इंग्लंडमधील लिटल मिसेंडन या खेड्यात झाला. वडील शेतकरी. तरुणपणीच ते ऑस्ट्रेलियात गेले आणि यंत्रकाम शिकले. तिथे मेंढ्यांची लोकर कातरायच्या यंत्रात सुधारणा करता करता त्यांचा हात तयार झाला. १८९३ मध्ये ते मायदेशी परतले. १९०५ मध्ये बर्मिंगहॅमजवळ लाँगब्रिज येथे, एका बंद पडलेल्या छापखान्यात त्यांनी स्वतःचा मोटार कारखाना काढला.

कारखाना वाढला, पण पुढे संकटं आली. १९१५ मध्ये एकुलता एक मुलगा महायुद्धात मारला गेला. युद्ध संपल्यावर त्यांनी मोठ्या मोटारीवर भिस्त ठेवली, तर १९२१ पासून इंजिनाच्या ताकदीनुसार कर लागू झाला. मोठी गाडी घेणार कोण? त्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीच्या दारात उभी राहिली.

सामान्य माणसाला तेव्हा परवडायची ती साइडकार जोडलेली मोटारसायकल, नाहीतर हलक्या, तकलादू छोट्या गाड्या. अशा गाड्या बनवणारे कितीतरी कारखाने चार-दोन वर्षांत बंद पडले. ऑस्टिन यांना मात्र छोटी पण खरीखुरी मोटार हवी होती. संचालकांनी साफ नकार दिला. मग त्यांनी काय केलं असेल? स्वतःचा पैसा घातला आणि घरातल्या बिलियर्डच्या खोलीत काम सुरू केलं. सोबतीला कारखान्यातला स्टॅन्ली एज हा अवघा अठरा वर्षांचा आरेखक! दोनऐवजी चार सिलिंडरचं इंजिन घ्यावं, हे त्या पोराचं म्हणणं मालकाने मान्य केलं.

१९२२ मध्ये 'ऑस्टिन सेव्हन' आली. किंमत १६५ पौंड, चारही चाकांना ब्रेक. १९३९ पर्यंत अशा सुमारे २,९०,००० गाड्या बनल्या. बीएमडब्ल्यूची पहिली मोटारसुद्धा हिच्याच परवान्यावर तयार झाली. कारखाना तरला. १९३६ मध्ये ऑस्टिन यांनी केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेला अडीच लाख पौंड दिले. २३ मे १९४१ रोजी त्यांचे निधन झाले.

ही गोष्ट सांगून झाल्यावर मुलांना एकच प्रश्न विचारा : त्या खोलीत खरं धाडस कोणाचं, बोलणाऱ्या पोराचं की ऐकणाऱ्या मालकाचं? उत्तरं ऐकताना आपणही जरा विचार करूया. आपल्या वर्गात, आपल्या घरात अठरा वर्षांच्या मुलाचं म्हणणं आपण किती वेळा ऐकतो?