टेंभूचे आगरकर

टेंभू हे नाव आपल्या भागात लहानथोर सगळ्यांना माहीत आहे. टेंभूचं पाणी आलं की शिवारात सगळे बघायला जातात. पण टेंभू हे काही पाण्याचं नाव नाही. ते कराडजवळ कृष्णाकाठचं एक गाव आहे. त्या गावात १४ जुलै १८५६ रोजी थोर समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म झाला. गुरुजींनी भित्तिपत्रकासाठी थोर पुरुषांची माहिती लिहायला सांगितली, तेव्हा मी हेच नाव घेतले. शिवाजी महाराज आणि टिळक आपल्या भिंतीवर पुष्कळदा येऊन गेले आहेत.

आगरकरांच्या घरची फार गरिबी होती. ते कराडला आजोळी राहून शिकले. पुढे शिकायला म्हणून रत्नागिरीला गेले, पण तिथे जमलं नाही, परत आले. मग कधी कचेरीत कारकुनी केली, कधी दवाखान्यात कंपाउंडरचं काम केलं. शेवटी अकोल्याला नातेवाइकांकडे राहून ते मॅट्रिक झाले आणि १८७५ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. त्यांच्याकडे एकच सदरा होता. तो ते रात्री धुऊन वाळत घालत आणि सकाळी तोच अंगात घालून कॉलेजात जात. पावसाळ्यात काय करत असतील कोण जाणे! केरूनाना छत्रे नावाचे प्राध्यापक होते, त्यांनी आगरकरांना मदत केली.

ते एम.ए. झाले. त्या काळी एम.ए. म्हणजे फार मोठी गोष्ट. सरकारात मोठ्या पगाराची नोकरी लगेच मिळायची. पण आपण तसली नोकरी करणार नाही, पोटापुरते मिळवून लोकांसाठी काम करणार, असे त्यांनी आईला पत्राने कळवले. आईला काय वाटलं असेल? आगरकर पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. तिथे चिपळूणकर आणि टिळक होते. १८८१ साली त्यांनी सगळ्यांनी मिळून केसरी हे वर्तमानपत्र काढले आणि आगरकर त्याचे पहिले संपादक झाले.

तेव्हा राज्य इंग्रजांचे होते. संविधान नव्हते. मनात आलेलं छापायचं म्हणजे सरकारची भीती असायची. १८७८ साली सरकारने मराठी, बंगाली अशा देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांसाठी एक कडक कायदा केला होता. इंग्रजीत छापणाऱ्यांना तो कायदा लागू नव्हता. म्हणजे साहेबाच्या भाषेत बोललं तर चालेल, आपल्या भाषेत बोललं तर नाही! चार वर्षांनी तो कायदा रद्द झाला.

कोल्हापूरच्या लहान महाराजांचा छळ होतो आहे, अशा बातम्या तेव्हा येत होत्या. कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्यावर केसरीत आणि मराठा पत्रात लिहिले गेले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. ज्या पत्रांच्या भरवशावर लिहिले होते ती पत्रे खोटी निघाली. टिळक आणि आगरकर यांना १८८२ साली चार महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात ते १०१ दिवस होते. आगरकरांनी त्यावर पुढे एक पुस्तक लिहिले. मला वाटतं, इतके दिवस कोंडल्यावर दुसऱ्या कुणी लेखणीच खाली ठेवली असती.

पुढे टिळकांचे आणि आगरकरांचे पटेना. टिळक म्हणत आधी स्वराज्य. आगरकर म्हणत आपल्या घरातल्या वाईट चालीही आत्ताच गेल्या पाहिजेत. १८८७ साली आगरकरांनी केसरी सोडला आणि १८८८ साली स्वतःचे सुधारक पत्र काढले. मुलींना मुलांसारखेच शिकवा, लहानपणी लग्ने लावू नका, विधवा बायकांचे केस कापू नका, जुनी चाल आहे म्हणून डोळे झाकून पाळू नका, असे ते लिहीत. त्या काळी माझ्याएवढ्या मुलींची लग्ने होत. आमची आजी सांगते, तिच्या लहानपणी वाड्यात लाल आलवण नेसणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांचे डोके कायम झाकलेले असे. आजीला त्यांची भीती वाटायची. आता तिला वाईट वाटते.

सुधारक वाचून पुण्यात पुष्कळ लोक चिडले. त्यांनी आगरकरांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. माणूस घरात बसलेला आणि रस्त्यावरून त्याचीच तिरडी चाललेली! तरी सुधारक काही बंद पडला नाही.

आगरकर देवधर्माचे विधी मानत नसत आणि तसे उघड सांगत. हे मी आजीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, देव न मानणारा माणूस कसला थोर? मग मी तिला पुढचं वाचून दाखवलं. त्यांच्या पत्नी यशोदाबाई देवभोळ्या होत्या. त्या पूजाअर्चा करत, आणि आगरकर त्यांना कधी आडवे आले नाहीत. आजी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, असं असेल तर लिही.

आपण रोज परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हणतो. त्यात अभिव्यक्ती आणि श्रद्धा हे शब्द येतात. गुरुजींनी सांगितले, २६ जानेवारी १९५० पासून संविधान लागू झाले, आणि त्यातल्या १९ व्या कलमाने बोलण्याचे व लिहिण्याचे आणि २५ व्या कलमाने आपापला धर्म मानण्याचे स्वातंत्र्य दिले. २५ व्या कलमात स्वतःच्या मनाला पटेल तसे वागणेही आले, म्हणून आगरकरांसारखा माणूसही त्यात बसतो. खोटं बोलून कुणाची अब्रू घालवायची मोकळीक मात्र आजही नाही. मला वाटायचं हे सगळं पेपरवाल्यांसाठी असतं. पण मागच्या ग्रामसभेत आमच्या वस्तीवरच्या एका काकू उभ्या राहिल्या आणि वरच्या गल्लीला रोज पाणी, आम्हाला चार दिवसांनी का, असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. एक पुढारी म्हणाले, बायकांनी मधे बोलू नये. काकू खाली बसल्या नाहीत. त्यांचं म्हणणं वहीत लिहून घ्यावं लागलं. काकूंना लिहिता येत नाही, पण त्या बोलल्या तेही १९ व्या कलमातच येतं असं गुरुजी म्हणाले.

आगरकरांना दम्याचा फार त्रास होता. तशातही ते लिहीत आणि शिकवत. १८९२ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. १७ जून १८९५ रोजी ते वारले. तेव्हा त्यांना ३९ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. आपल्या मागे घरच्यांवर बोजा नको म्हणून अंत्यविधीला लागणारे पैसे त्यांनी एका पुडीत बांधून ठेवले होते. ज्या केसरीतून ते बाहेर पडले, त्याच केसरीत टिळकांनी त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला.

— इयत्ता ४ थी