साठीनंतर गांधीजींचे हात काय करत होते? येरवड्यातला चरखा, लिफाफे आणि एक साडी

निवृत्तीनंतर हाताला काम काय, हा प्रश्न घरोघरी पडतो. डोळ्यांना बारीक काम झेपत नाही, बोटं पूर्वीसारखी वळत नाहीत आणि या वयात नवीन काय शिकायचं, असा संकोचही असतो. अशा वेळी एका माणसाची गोष्ट आठवावी. त्याने सूत कातायला सुरुवात केली तेव्हा तो पन्नाशीला आला होता आणि वयाच्या ७८व्या वर्षापर्यंत त्याने ते सोडलं नाही. या कामातली बरीच वर्षं पुण्यात, तीही कैदेत गेली. तो माणूस म्हणजे मोहनदास करमचंद गांधी.

बॅरिस्टर चांभारकाम शिकला

२ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला जन्मलेले गांधी दिवाणाच्या घरातले. लंडनला बॅरिस्टर होऊन ते १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेले. तोवर हातकामाशी त्यांचा फारसा संबंध नव्हता. तो आला १९१० मध्ये, जोहान्सबर्गजवळच्या टॉल्स्टॉय फार्मवर. तिथे सत्याग्रहींची कुटुंबं राहत आणि सगळी कामं स्वतः करत. जमीन देणारे मित्र हर्मन कॅलनबाख व्यवसायाने वास्तुरचनाकार होते. ते एका ख्रिस्ती मठात जाऊन चपला शिवायला शिकून आले. त्यांच्याकडून गांधीजी शिकले आणि त्यांनी पुढे इतरांना शिकवलं.

त्यांनी तुरुंगात केलेला चपलांचा एक जोड जनरल स्मट्स यांना भेट गेला. याच स्मट्स यांच्या सरकारने त्यांना तुरुंगात टाकलं होतं. स्मट्स यांनी त्या चपला अनेक उन्हाळे वापरल्या आणि १९३९ मध्ये, गांधीजींच्या सत्तरीच्या निमित्ताने, आदराने परत पाठवल्या.

चरखा आला तो आजारपणात

१९०९ मध्ये लिहिलेल्या 'हिंद स्वराज'मध्ये गांधीजींनी हातमागाची बाजू मांडली होती. पण तोवर आपण माग किंवा चरखा पाहिल्याचंही आठवत नाही, हे त्यांनी पुढे आत्मकथेत मोकळेपणाने सांगितलं. भारतात परतल्यावर आश्रमात माग सुरू झाले, पण सूत गिरणीचंच होतं. कातणारं कुणी सापडेना. अखेर गंगाबेन मजमुदार यांनी बडोदा संस्थानातल्या विजापूर इथे माळ्यावर धूळ खात पडलेले चरखे शोधून काढले.

त्याच सुमारास गांधीजी गंभीर आजारी पडले. जानेवारी १९१९ मध्ये मुंबईत त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. बरं होण्याच्या काळात त्यांच्या खोलीत चरखा सुरू झाला. अवंतिकाबाई गोखले यांच्यासारख्या कार्यकर्त्या तिथे कातायला शिकल्या. प्रकृती सुधारण्यात त्या चरख्याच्या गुणगुणण्याचा मोठा वाटा होता, असं गांधीजींनी आत्मकथेत नोंदवलं आहे.

पुढे हे काम राजकारणात आलं. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन झालं. गांधीजी अध्यक्ष झालेलं हे एकमेव अधिवेशन. सभासदत्वासाठी चार आण्यांऐवजी महिन्याला २००० वार सूत द्यावं, असं तिथे ठरलं. अनेकांना ते पटलं नाही. रवींद्रनाथ टागोरांनी १९२५ मध्ये या चरखाभक्तीवर जाहीर टीका केली. सगळ्यांनी एकच यांत्रिक काम करत बसण्याने बुद्धीला काय मिळतं, हा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. गांधीजींनी उत्तर दिलं, पण मतभेद मिटला नाही. दोघांचा स्नेह मात्र टिकला.

येरवडा चक्र म्हणजे काय?

गांधीजी येरवडा तुरुंगात पहिल्यांदा आले १९२२ मध्ये. १९२४ च्या जानेवारीत अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांना ससून रुग्णालयात हलवलं आणि पुढच्याच महिन्यात सुटका झाली. मिठाच्या सत्याग्रहानंतर मे १९३० मध्ये ते पुन्हा येरवड्यात आले. तेव्हा ते साठ वर्षांचे होते.

जुना चरखा मोठा आणि अवजड. तो कोठडीत ठेवायला अडचणीचा आणि प्रवासात न्यायला अशक्य. येरवड्यातल्या वास्तव्यात पेटीत मावणारा चरखा आकाराला आला. त्यात एक मोठं आणि एक लहान, अशी दोन चक्रं आडवी बसवलेली असतात. मोठं चक्र हाताने फिरवलं की दोरीने लहान चक्र वेगाने फिरतं आणि त्यावरून जाणारी दुसरी दोरी चातीला आणखी वेग देते. मोठ्या चाकाचं काम अशा रीतीने थोड्या जागेत होतं. काम संपलं की सगळं मिटून पेटी बंद. तुरुंगाच्या नावावरून याला 'येरवडा चक्र' म्हणतात. आपण त्याला पेटी चरखा म्हणतो.

१९३२ मध्ये ते पुन्हा येरवड्यात होते. पुणे करार झाला तो याच मुक्कामात. या काळात त्यांचा हात दुखू लागला. काम थांबवण्याऐवजी त्यांनी साधन बदललं आणि पायाने चालणारा मगन चरखा हाती घेतला. चाक पायाने फिरत असल्याने हातावरचा भार कमी होतो. वय वाढलेल्यांसाठी ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

सरदारांचे लिफाफे

त्या वेळी तुरुंगात त्यांच्यासोबत वल्लभभाई पटेल आणि महादेवभाई देसाई होते. गांधीजींचा पत्रव्यवहार प्रचंड. वल्लभभाई आलेल्या टपालाचे आणि रद्दीचे कागद जपून ठेवत आणि त्यातून लिफाफे तयार करत. तेव्हा ते सत्तावन्नच्या आसपास होते.

हे काम आजही घरी सहज जमतं. एखादा जुना लिफाफा चिकटवलेल्या जागी हलकेच उकलावा, तो जाड कागदावर ठेवून कडेने रेघ मारावी, कापावं, घड्या घालाव्यात आणि कणकेच्या खळीने चिकटवावं. पुण्यात मार्केट यार्डाच्या गाळ्यांवर एका बाजूने कोरी बिलं, जुनी कॅलेंडरं, खोक्यांचे पुठ्ठे रोज रद्दीत जातात. विकत काही आणायची गरजच नाही. कात्री मात्र मोठ्या मुठीची घ्यावी, म्हणजे बोटांवर ताण येत नाही.

सूत कातून पाहायचं असेल तर आधी तकली बरी. मधोमध काडी असलेली ही धातूची चकती भोवऱ्यासारखी फिरवायची आणि पिंजलेल्या कापसाच्या पेळूतून हळूहळू धागा ओढायचा. सुरुवातीला धागा तुटतोच. तुटलेलं टोक पेळूला लावून पुन्हा फिरवायचं.

आगाखान पॅलेस

९ ऑगस्ट १९४२ रोजी गांधीजींना अटक करून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं. तेव्हा ते ७२ वर्षांचे होते. सहाच दिवसांत, १५ ऑगस्टला, महादेवभाईंचं तिथे निधन झालं. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गेल्या. साठ वर्षांपेक्षा जास्त काळाचा संसार तिथे संपला. अंत्यसंस्काराच्या वेळी त्यांना नेसवलेली साडी गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताची होती.

६ मे १९४४ रोजी त्यांची सुटका झाली. तीच त्यांची शेवटची कैद. कातणं मात्र पुढेही सुरूच राहिलं. नोव्हेंबर १९४७ मध्ये इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथ यांच्या लग्नात त्यांनी आपल्या सुताचं विणलेलं एक छोटं वस्त्र भेट पाठवलं. ज्या सत्तेशी आयुष्यभर लढा दिला, तिच्या घरातल्या लग्नाला हा अहेर होता. त्यानंतर दोन-सव्वादोन महिन्यांत, ३० जानेवारी १९४८ रोजी, दिल्लीत त्यांची हत्या झाली.

आगाखान पॅलेस १९६९ मध्ये देशाला भेट देण्यात आला. नगर रस्त्यावरच्या या वास्तूच्या आवारात कस्तुरबा आणि महादेवभाई यांच्या समाध्या शेजारी-शेजारी आहेत.