अल्बर्टची भीती तशीच राहिली

सायकॉलॉजी घेतलेल्या कुणालाही विचारा, ‘लिटल अल्बर्ट’ त्याला ठाऊक असतो. परीक्षेत हमखास येणारा प्रयोग! पण तो करणाऱ्या जॉन वॉटसनचं पुढे काय झालं, हे तुम्हाला वर्गात कुणी सांगितलंय?

वॉटसन १८७८चा, अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनाचा. तो १३ वर्षांचा असताना वडील घर सोडून गेले. पोरगा उनाड, मारामाऱ्या करणारा. तरी सोळाव्या वर्षी कॉलेजात, पंचविशीत शिकागोची पीएच.डी., तिशीत जॉन्स हॉपकिन्समध्ये प्रोफेसर आणि १९१५ साली थेट अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचा अध्यक्ष. मनात काय चाललंय याच्या गप्पा सोडा, दिसणारं वर्तन मोजा, हा त्याचा हट्ट. त्या हट्टाने या विषयाला शिस्त लावली, हे कबूल करायलाच हवं.

आता अल्बर्ट. हॉस्पिटलातच वाढणारं, शांत, सहसा न रडणारं बाळ. आई तिथेच दाई. वॉटसन आणि त्याची सहकारी रोझाली रेनर यांनी त्याच्यासमोर पांढरा उंदीर सोडला. बाळाने हात लावला की मागून पोलादी दांड्यावर हातोडा हाणायचा. काही वेळातच अकरा महिन्यांचं ते पोर नुसता उंदीर दिसला तरी रडत पळू लागलं. पुढे सशाला घाबरलं, कुत्र्याला घाबरलं, फरच्या कोटालाही.

करणाऱ्यांना यात काही खटकलं नव्हतं असं नाही. आपण कचरलो होतो, हे त्यांनी १९२०च्या शोधनिबंधात स्वतःच लिहिलंय. पण घरी गेल्यावर असल्या भीती त्याला लागणारच, अशी समजूत त्यांनी करून घेतली. भीती घालवायचं राहूनच गेलं, कारण बाळ हॉस्पिटलातून गेलं. आणि निबंधाच्या शेवटी चक्क विनोद: हा विसाव्या वर्षी फ्रॉइडच्या चेल्यांकडे गेला, तर ते त्याच्या भीतीचा भलताच अर्थ लावतील! मला हातोड्यापेक्षा हा विनोद जास्त बोचतो.

त्याच वर्षी वॉटसनची नोकरी गेली. अल्बर्टमुळे? छे! विवाहित असताना रोझालीशी प्रेमप्रकरण, म्हणून युनिव्हर्सिटीने राजीनामा घेतला. बाळाबद्दल त्याला कुणी जाब विचारला नाही. विचारणार कशाच्या जोरावर? मानसशास्त्रज्ञांनी कसं वागावं याची लेखी नियमावलीच नव्हती. असोसिएशनची पहिली आचारसंहिता आली ती १९५३ साली. आज तुम्ही प्रोजेक्टसाठी साधी प्रश्नावली वाटतानाही संमतिपत्र भरून घेता, त्यातला कंटाळा सोडा, त्यामागे असे प्रयोग आहेत.

वॉटसनने मग रोझालीशी लग्न केलं, जाहिरात कंपनीत शिरला आणि व्हाइस प्रेसिडेंट झाला. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स हिने पीटर नावाच्या मुलाची सशाची भीती घालवून दाखवली. तो खात असताना ससा जरा जरा जवळ आणत! तिला सल्ला देत होता वॉटसनच. म्हणजे वाट त्याला सापडली होती, फक्त अल्बर्टसाठी उशिरा. चार वर्षांनी त्याने पालकांसाठी पुस्तक लिहून मुलांचे पापे घेऊ नका, मांडीवर बसवू नका असं बजावलं. ते खूप खपलं.

१९३५ साली रोझाली गेली, आणि तो एकटा पडत गेला. १९५७ साली असोसिएशनने त्याला सुवर्णपदक जाहीर केलं. तो समारंभासाठी न्यूयॉर्कपर्यंत गेला, पण आयत्या वेळी पदक घ्यायला मुलाला पुढे केलं. पुढच्या वर्षी तो वारला. त्याआधी त्याने आपली पत्रं नि कागद जाळून टाकले होते.