वर्ध्याचे खानखोजे, चापिंगोचे प्रोफेसर

परदेशी स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी आपापले अनुभव लिहावेत, असे स्मरणिका समितीने कळवले. माझा अनुभव तुमच्यापैकी अनेकांसारखाच आहे. आधी व्हिसा, मग नोकरी, मग घराचे कर्ज, मग मुलांच्या मराठीची काळजी. त्यात सांगण्यासारखे नवे काही नाही. म्हणून आपल्याच विदर्भातल्या एका माणसाविषयी लिहितो. शंभर वर्षांपूर्वी हा माणूस आपल्यापेक्षा कितीतरी अवघड वाटेने गेला होता. त्यांचे नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

जन्म १८८४ चा, वर्ध्याचा. वडील अर्जनवीस. सुरुवातीचे शिक्षण वर्ध्यात, पुढचे नागपुरात. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारलेला हा मुलगा ऐन विशीत देश सोडून निघाला तो पैशासाठी नव्हे. शस्त्रविद्या आणि शेतीशास्त्र, दोन्ही शिकून परत यायचे आणि इंग्रजांना घालवायचे, असा त्याचा बेत होता. जपानमार्गे तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचला.

तो काळ तिथल्या भारतीयांना फार वाईट होता. १९०७ मध्ये बेलिंगहॅम गावात जमावाने आरागिरण्यांतल्या भारतीय मजुरांना मारहाण करून हुसकावून लावले. आपल्याला परक्या देशात सोसावी लागते ती फार तर एखादी तिरकी नजर. त्यांच्या तर बिऱ्हाडावरच माणसे चालून येत. अशा दिवसांत खानखोजे पडेल ते काम करत ऑरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या कृषी महाविद्यालयांत शिकले. त्याच आरागिरण्यांतल्या पंजाबी मजुरांमध्ये त्यांनी संघटना उभी केली. १९१३ मध्ये गदर पक्ष स्थापन झाला, त्याच्या संस्थापकांत ते होते.

पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर ते इराणात जाऊन इंग्रजांविरुद्ध लढले. बेत फसला. पुढे बर्लिन आणि मॉस्को झाले. घरी परतण्याचा रस्ता मात्र बंद होता, कारण इंग्रज सरकारच्या काळ्या यादीत त्यांचे नाव होते. आपण परदेशात राहतो ते आपल्या मर्जीने, आणि मनात आले की तिकीट काढतो. त्यांना ती सोय नव्हती.

१९२४ मध्ये ते मेक्सिकोत आले. वय चाळीस, हातात फक्त शेतीचे ज्ञान, आणि समोर स्पॅनिश बोलणारा देश. नुकतीच तिथे क्रांती होऊन गेली होती. जमीन कसणाऱ्याला मिळू लागली होती, पण ती नीट कसायला शिकवणारे कमी होते. खानखोजे चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. आपल्याकडे ज्वारीला जे स्थान, ते तिथे मक्याला. मक्याच्या सुधारित वाणांवर त्यांनी संशोधन केले. गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतींवर चित्रकार दिएगो रिवेरा यांनी जी चित्रे रंगवली, त्यांत एका चित्रात खानखोजेही आहेत.

परका माणूस त्या देशाचा कसा झाला, याचे उत्तर मला इथे सापडते. आपल्याला काय मिळेल हे विचारण्याआधी, इथल्यांना काय हवे आहे आणि त्यातले आपल्याला काय येते, हे त्यांनी पाहिले. ओळख आपोआप मिळाली.

१९३६ मध्ये त्यांनी बेल्जियन वंशाच्या जीन यांच्याशी लग्न केले. सावित्री आणि माया या दोन मुली. त्यांच्या नावांवरूनच कळते की, वर्धा मनातून गेले नव्हते.

देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी परतीसाठी अर्ज केला, आणि तो आधी नाकारला गेला. राज्य गेले होते, पण इंग्रजांची ती काळी यादी अजून दप्तरात होती. ज्या स्वातंत्र्यासाठी घर सोडले, त्याच स्वतंत्र देशाच्या दारात त्यांना थांबावे लागले. पुढे तो निर्णय फिरला. १९५० च्या दशकात, सत्तरीच्या आसपास, ते कुटुंबासह नागपुरात स्थायिक झाले आणि तिथेच २२ जानेवारी १९६७ रोजी वारले. चापिंगोने त्यांना विसरू दिले नाही. २०२२ मध्ये तिथल्या विद्यापीठात त्यांचा पुतळा उभा राहिला.

मित्रांनो, माझी निवृत्ती जवळ आली आहे. परत यायचे की नाही, यावर घरी रोज बोलणे होते. माझी मुले इथलीच आहेत, आणि गावात मला ओळखणारे आता मोजकेच उरले आहेत. खानखोज्यांचे चरित्र वाचताना जाणवले, की माणसाला दोनदा स्थायिक व्हावे लागते: एकदा गेल्यावर आणि एकदा परतल्यावर. दुसरी खेप कदाचित जास्त कठीण, कारण तिथे आपण परके असू अशी आपली तयारीच नसते. परतलो, तर मला अजून काय येते आणि गावाला त्यातले काय हवे आहे, हे आधी विचारायचे ठरवले आहे. तुमच्यापैकी जे गावातच राहिले, त्यांनी स्नेहसंमेलनात भेटल्यावर याचे उत्तर मोकळेपणाने द्यावे.

सर्व गुरुजनांना सादर नमस्कार.

(एक माजी विद्यार्थी, दहावी 'ब')