नोंदवहीचा विश्वस्त : जॉन पोस्टेल

घरातील ब्रॉडबॅण्डचा राउटर असो वा एकाच यंत्रात चालणारे अनेक आभासी संगणक, १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होणारा पत्ता बहुतेक ठिकाणी आढळतो. संकेतस्थळे घडवणारे तंत्रज्ञ आपले काम आधी १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे स्वतःच्याच संगणकावर, तपासून घेतात. हे क्रमांक ज्या नोंदवहीत राखून ठेवले गेले, तिचा सांभाळ जॉन पोस्टेल यांनी जवळपास तीन दशके केला.

पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियातील अल्टाडीना येथे झाला. इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटची पहिली जोडणी १९६९ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात झाली, तेव्हा ते तेथे संशोधक विद्यार्थी होते. जाळे वाढू लागले, तसा कोणता क्रमांक कोणत्या कामासाठी दिला याचा हिशेब ठेवणे भाग पडले. कारकुनी वाटणारे हे काम त्यांनी अंगावर घेतले. नियम मांडणाऱ्या ‘आरएफसी’ या दस्तऐवजमालेचे संपादनही तेच करीत.

१९७४ मध्ये डॉक्टरेट मिळवल्यावर १९७७ पासून ते सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत रमले. इंटरनेट प्रोटोकॉलचा १९८१ चा मसुदा त्यांनी संपादित केला; ई-मेल पोहोचवण्याचे नियम १९८२ मध्ये स्वतः लिहिले. पाठवताना काटेकोर राहावे, स्वीकारताना उदार असावे, हे त्यांचे सूत्र पुढे अभियंत्यांच्या पिढ्यांनी प्रमाण मानले. देशांच्या नावांचे संक्षेप ठरवतानाही त्यांनी अशीच सावधगिरी बाळगली. कोणाला देश म्हणावे हा वाद आपल्याकडे येऊ नये, म्हणून आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची तयार यादीच त्यांनी स्वीकारली. भारताचे ‘डॉट इन’ त्यातूनच आले.

या साऱ्यामागे कायद्याने दिलेले अधिकारपद नव्हते. होता तो सहकाऱ्यांचा विश्वास. इंटरनेटचा व्यापार फोफावला, तेव्हा मात्र ही नोंदवही कोणाची, हा प्रश्न ऐरणीवर आला. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी आठ मूळ सर्व्हरांच्या चालकांना नावांची यादी आपल्या संस्थेकडून घेण्यास कळवले आणि त्यांनी ते मानले. अमेरिकी सरकारने नाराजी दर्शवताच काही दिवसांत सारे पूर्ववत झाले. पण एका माणसाच्या शब्दावर जगाचे जाळे किती विसंबून आहे, हे त्या घटनेने उघड केले.

सप्टेंबर १९९८ मध्ये ‘आयकॅन’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या उभारणीत पोस्टेल यांचा मोठा वाटा होता. तिचा कारभार पाहण्याचे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीमुळे १६ ऑक्टोबर १९९८ रोजी वयाच्या ५५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. एका व्यक्तीवरील विश्वासाने चाललेल्या कारभाराची जागा नियम, करार आणि समित्यांनी घेतली. त्यांनी राखलेले क्रमांक मात्र घराघरांतील राउटरांत आजही तसेच आहेत.