सेनापती नोगी : एका ध्वजाचे ऋण

जपानी सेनापती नोगी मारेसुके यांचा जन्म १८४९ साली एका सामुराई घराण्यात झाला. १८७७ च्या सात्सुमा बंडात त्यांच्या पलटणीचा राजध्वज शत्रूच्या हाती पडला. सम्राट मेइजी यांनी त्यांना क्षमा केली. पण ते शल्य नोगींच्या मनातून गेले नाही. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात त्यांनी पोर्ट आर्थर जिंकले. परंतु त्या वेढ्यात मृत व जखमी जपानी सैनिकांची संख्या ५०,००० च्या वर गेली. त्यांचे दोन्ही पुत्रही याच युद्धात पडले. विजयानंतर त्यांनी चिनी भाषेत रचलेल्या कवितेत जयघोष नाही, लज्जा आहे. पुढे ते गाकुशूइन या सरदारपुत्रांच्या विद्यालयाचे प्रमुख झाले.

१३ सप्टेंबर १९१२ रोजी, सम्राटांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी, नोगी व त्यांच्या पत्नी शिझुको यांनी प्राणत्याग केला. मृत्युपत्रात कारण होते ३५ वर्षांपूर्वीच्या ध्वजाचे. मोरी ओगाई यांनी त्याच वर्षी लिहिलेल्या कथेत सामुराईची स्वामिनिष्ठा उभी केली. नात्सुमे सोसेकी यांच्या ‘कोकोरो’ (१९१४) कादंबरीतील नायक मात्र मरणाची वाट पाहण्यात गेलेली ती ३५ वर्षे मोजतो. इतिहासाने नोगींचा विजय नोंदविला. साहित्याने त्यांचे ओझे ओळखले.