धोंडो केशव कर्वे

महर्षी धोंडो केशव कर्वे (१८ एप्रिल १८५८ – ९ नोव्हेंबर १९६२) हे स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणारे समाजसुधारक होते. आपल्या संस्थांचे ते एकाच वेळी देणगीदार, स्वयंसेवक आणि चिटणीस होते.

संस्थाकार्य

१८९१ मध्ये कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक झाले. १८९३ मध्ये त्यांनी विधवा असलेल्या गोदूबाई (आनंदीबाई ऊर्फ बाया) यांच्याशी पुनर्विवाह केला आणि मुरुडच्या ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्याच वर्षी विधवाविवाहाच्या पुरस्कारासाठी स्थापन झालेल्या मंडळीचे ते चिटणीस होते. १८९६ मध्ये त्यांनी पुण्यात अनाथबालिकाश्रम काढला. विधवांचे शिक्षण हा त्याचा हेतू होता. आश्रमातून पुनर्विवाहाचा प्रचार होतो असा संशय आला असता, तर पालकांनी मुली पाठवल्याच नसत्या. म्हणून कर्वे यांनी मंडळीची जबाबदारी सोडली. स्वतःला प्रिय असलेले एक कार्य दुसऱ्यासाठी बाजूला ठेवण्याचा हा निर्णय सोपा नव्हता.

रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे येथे जागा दिल्यावर १९०० मध्ये आश्रम तेथील झोपडीत गेला. महाविद्यालयातील काम संपवून कर्वे चिखलाची वाट पायी तुडवीत तेथे जात. मिळकतीचा मोठा भाग आश्रमाकडे वळत असल्याने घरची ओढाताण होई. या त्यागाची घरातली बाजू बायांच्या ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात वाचावयास मिळते. मेहुणी पार्वतीबाई आठवले यांचे अक्षरशिक्षण प्रौढ वयात झाले, तरी पुढे त्या आश्रमाच्या निधीसाठी अमेरिकेपर्यंत गेल्या.

१९०७ मध्ये महिला विद्यालय निघाले. संस्थांना आजन्म सेवक मिळावेत म्हणून १९०८ मध्ये निष्काम कर्ममठाची स्थापना झाली.

महिला विद्यापीठ

जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती वाचून कर्वे यांनी १९१६ मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ स्थापन केले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे पहिले कुलपती झाले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठास त्यांच्या आईचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव देण्यात आले. १९३६ मध्ये मुख्य कार्यालय मुंबईस हलले. लहान वर्गण्यांवर वाढलेल्या या संस्थेचे केंद्र त्यामुळे पुण्याबाहेर गेले. हिंगण्याची संस्था मात्र पुण्यातच राहिली. १९२९ नंतर सत्तरी ओलांडलेले कर्वे निधीसाठी युरोप, अमेरिका, जपान आणि आफ्रिका येथे फिरले. विद्यापीठास कायद्याने मान्यता मिळण्यास १९५१ साल उजाडले. १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, कर्वे यांना भारतरत्न देण्यात आले.